किनाऱ्यावरची घरे आणि घोड नदीचे खोरे

उष्ण प्रदेशातील समुद्रकाठच्या शहरात माणसाच्या हाती पैसा आला, की तो सर्वांत आधी चांगली हवा विकत घेतो. मुंबईत मलबार टेकडीपासून कफ परेडपर्यंत आणि वरळीपासून वांद्र्यापर्यंत पसरलेल्या श्रीमंत वस्त्यांचा इतिहास पाहिला, तर तेथील जागेचे मोल वारा, उंची, सावली आणि पाणी या चार गोष्टींनी ठरत आल्याचे दिसते. यांपैकी वारा तेवढा समुद्राने दिला. उरलेले बहुतेक सारे सह्याद्रीतून आणावे लागले, आणि ते वापरात ठेवणारे हातही मोठ्या प्रमाणावर मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या घाटमाथ्यावरच्या तालुक्यांतून आले. घोड नदीच्या काठावरचे घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेच्या अंगाला आहे आणि त्याचे पाणीही भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. तरीही मुंबईच्या किनाऱ्यावरचे सुखवस्तू जीवन नेमके कशावर उभे आहे हे समजून घेण्यासाठी घोडेगावाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

किनारा आणि घाटमाथा यांचा हा संबंध इंग्रजांच्या मुंबईपेक्षा फार जुना आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नर ही मोठी बाजारपेठ होती आणि तेथून नाणेघाट उतरून माल कल्याण व सोपारा या बंदरांकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, तर घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आजही आहे, ज्यात जकातीची नाणी टाकली जात असे परंपरा सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत या दोन्ही बंदरांची नावे येतात, आणि जुन्नरच्या लेण्यांमधील दानलेखांत ‘यवन’ म्हणून नोंदवलेले दाते भेटतात, म्हणजे पश्चिमेकडून समुद्रमार्गे आलेल्या लोकांचा वंश सांगणारी माणसे. समुद्रावरचा पैसा घाट चढून आला आणि त्याने डोंगरात विहार खोदवले, असा हा व्यवहार होता. नाणेघाटाच्या दक्षिणेला, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याचा घाटही याच प्रकारे कोकणात उतरतो. व्यापारी मार्ग म्हणून तो नाणेघाटाइतका गाजला नाही, पण डोंगरातल्या वस्त्यांना कोकणाशी जोडणारी पायवाट तोच होता.

मुंबईच्या हवेचे वेगळेपण तिच्या तापमानाच्या आकड्यांवरून लगेच ध्यानात येत नाही. मे महिन्यात मुंबईचे कमाल तापमान सर्वसाधारणपणे ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर घाटमाथ्यावर ते सहज त्याच्या वर जाते. तरीही घोडेगावचा माणूस मुंबईत उतरला की उकाड्याने हैराण होतो, आणि याचे कारण घामाच्या कार्यात आहे. शरीर थंड राहते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर तो वाळल्यामुळे. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळत राहतो आणि शरीराची उष्णता आतच कोंडते. म्हणून भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंशांची अट ठेवतो आणि किनाऱ्यासाठी ती ३७ अंशांवर आणतो. घाटावर रात्र थंडावा देते. किनाऱ्यावर समुद्र दिवसभर साठवलेली उष्णता रात्री हळूहळू सोडत राहतो, त्यामुळे रात्रीची सुटकाही अपुरीच असते.

या उकाड्यावरचा निसर्गाचा उतारा म्हणजे खारा वारा. सूर्य चढू लागला की जमीन पाण्यापेक्षा फार लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची तुलनेने थंड हवा आत शिरते. हा वारा दुपारच्या सुमारास आला तर मुंबईचा दिवस सुसह्य होतो. पण मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून, म्हणजे घाटावरून, येणारे कोरडे वारे जोरात असले की ते समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतात आणि पारा एकदम चढतो. सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. अशा शहरात समुद्राच्या पहिल्या रांगेतले घर आणि त्यामागच्या दहाव्या गल्लीतले घर यांच्या हवेत जो फरक पडतो, तोच त्यांच्या किमतीत उतरतो. आधीच्या रांगेतल्या इमारती मागच्यांचा वारा अडवतात, हे येथे सर्वांना ठाऊक असलेले सत्य आहे.

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला मुंबईचे धनिक, गोरे आणि देशी दोन्ही, किल्ल्याच्या तटबंदीत दाटीने राहत होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडले गेले. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, बॅकबेची खाडी बुजवण्यासाठी काढलेल्या कंपनीसह अनेक कंपन्या बुडाल्या, पण श्रीमंतांची टेकडीकडे सुरू झालेली चाल थांबली नाही. उंची वारा देत होती, आणि खाली साचणाऱ्या पाण्यापासून व त्याबरोबर येणाऱ्या रोगांपासून लांबही ठेवत होती. गव्हर्नरचे निवासस्थान तेव्हा परळला होते. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तेथे पटकीने मृत्यू झाला आणि त्यानंतर लवकरच हे निवासस्थान तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या मलबार पॉइंटवर गेले, जे आजचे राजभवन आहे. तरीसुद्धा सरकारचा मुक्काम बाराही महिने तेथे नसे. उन्हाळ्यात तो महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याच्या गणेशखिंडीत हलत असे, आणि गिरणीमालक व व्यापारी यांनीही माथेरान, खंडाळा, लोणावळा येथे बंगले बांधले. समुद्राकाठी ऐषारामात राहण्याची सोय असलेल्या माणसालाही वर्षातला काही काळ घाट चढून जावे लागत होते, ही गोष्ट मुंबईच्या वैभवाच्या वर्णनांत सहसा मागे पडते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हवेचा प्रश्न श्रीमंतांच्या आवडीनिवडीपुरता राहिला नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधार विश्वस्त संस्थेने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, आणि त्यामागचा एक स्पष्ट हेतू समुद्राचा वारा आतल्या वस्तीपर्यंत पोचवण्याचा होता. वाऱ्यासाठी रस्ता काढावा ही कल्पना आजही मोठी वाटते. मात्र ज्यांची घरे या रस्त्यांसाठी पाडली गेली, त्यांपैकी अनेक गरीब कुटुंबांना त्या रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींचे भाडे परवडण्यासारखे नव्हते, त्यामुळे वारा आत आला तरी तो घेणारी माणसे बदलली.

बॅकबेची भर विसाव्या शतकात पुन्हा हाती घेतली गेली आणि तिच्यावर मरीन ड्राइव्ह साकारला. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या या वळणदार रस्त्याकाठी १९३० आणि १९४० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती ‘आर्ट डेको’ शैलीच्या आहेत. म्हणजे गोलाकार कोपरे, आडव्या रेषा, साधी भौमितिक नक्षी आणि प्रबलित काँक्रीटचा, अर्थात आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, वापर करणारी शैली. शैली युरोप-अमेरिकेतून आली असली तरी मुंबईच्या वास्तुविशारदांनी ती येथील उन्हापावसाला जुळवून घेतली. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घराला वारा मिळतो, पण तिन्हीसांजेपर्यंतचे तिरपे ऊनही मिळते. म्हणून खिडक्यांवर भुवयांसारखे लांब छज्जे काढले गेले, गॅलऱ्या आत खोलवर ठेवल्या गेल्या आणि एका खिडकीतून आलेला वारा समोरच्या खिडकीतून बाहेर पडेल अशी खोल्यांची रचना झाली. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा त्यात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारतींचा समावेश झाला.

या घरांमध्ये राहणे दुरून दिसते तितके सोपे नाही. खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जातात आणि सळ्यांना गंज चढवतात. गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे ते आतून ढकलू लागते, काँक्रीटला तडे जातात आणि गॅलरीचे पोपडे सुटू लागतात. अशा इमारतीला सतत डागडुजी लागते, पण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवल्यामुळे मालकाला खर्च करण्यात आणि भाडेकरूला घर सोडण्यात रस उरला नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर आणि पुस्तकांच्या पाठींवर बुरशी येते, आणि हे समुद्रासमोरच्या सर्वांत महागड्या घरातही चुकत नाही. पुराचे संकट मात्र सारखे वाटले जात नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत हाहाकार उडाला, तेव्हा कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरच्या आत होती. त्या दिवशीची ती विषमता निसर्गाची होती. पण टेकडीवर राहणारा आणि मिठी नदीच्या काठी राहणारा यांच्यातील अंतर माणसांनी निर्माण केले आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईचे सुमारे ४२ टक्के रहिवासी झोपडपट्टीत राहत असल्याचे दिसले.

पाण्याची आणि विजेची गोष्ट थेट सह्याद्रीत नेते. समुद्राच्या काठी असूनही मुंबईला पिण्याचे पाणी जवळ नव्हते. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये झाला, पुढे वैतरणा आणि भातसा आले. म्हणजे शहर जसे वाढले तसे ते पाण्यासाठी घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचले. मलबार टेकडीवरची हँगिंग गार्डन ही बागसुद्धा शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयावर अंथरलेली आहे. विजेसाठी तर घाटही ओलांडावा लागला. टाटांनी लोणावळा परिसरात तलाव बांधून तेथील पाणी बोगद्या-नळांतून कोकणात सोडले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढे मुळशीच्या धरणासाठी बुडणाऱ्या गावांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो अपयशी ठरला, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. पूर्वेकडे वाहून भीमेला मिळायचे पाणी अशा रीतीने पश्चिमेकडे वळवून त्यावर किनाऱ्यावरची उद्वाहने आणि पंखे फिरले. उंच इमारतीतले समुद्राकडे तोंड असलेले घर शक्य झाले ते याच विजेमुळे. तिच्याशिवाय सहाव्या मजल्यावरचा वारा घ्यायला रोज सहा जिने चढावे लागले असते.

आता माणसांकडे यावे. गरम आणि दमट हवेत शिजवलेले अन्न लवकर आंबते. पहाटे भरलेला डबा दुपारी एकपर्यंत चांगला राहील याची खात्री नसते. फोर्टातील कचेऱ्यांत काम करणारी आणि गिरगाव, दादर किंवा त्यापलीकडे राहणारी माणसे वाढू लागली, तेव्हा घरचे ताजे जेवण वेळेत पोचवण्याची गरज निर्माण झाली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली असे मानले जाते, आणि तिच्यात येणारी माणसे आरंभापासून पुणे जिल्ह्याच्या मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शेजारच्या अकोले-संगमनेर पट्ट्यातील होती. सकाळी साडेआठ-नऊनंतर घरोघरी डबे गोळा करायचे, स्टेशनवर दिशेप्रमाणे वेगळे करायचे, लोकलने आणून पुन्हा वाटायचे आणि साडेबारा-एकपर्यंत हातात द्यायचे. डब्याच्या झाकणावरचे रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या खुणेवर हे सारे चालते. डबेवाला पगारी नोकर नसतो, तो आपल्या गटात भागीदार असतो, गटावर मुकादम असतो आणि महिन्याची मिळकत वाटून घेतली जाते. पांढरी टोपी, माळकरी वळण आणि गावकीची ओळख या गोष्टींनी जो विश्वास निर्माण केला, तो कोणत्याही करारपत्रापेक्षा पक्का निघाला, कारण चुकलेल्या माणसाला जाब विचारणारी माणसे त्याच्या गावातलीच होती. जगभरातील व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी या सेवेच्या अचूकतेचे कौतुक केले आहे. मात्र तिच्या मुळाशी असलेल्या ग्रामसमाजाकडे त्यांनी जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिले नाही. चैत्रात गावोगावच्या यात्रा आल्या की डबेवाले आठवडाभर सुट्टी घेऊन घाट चढतात आणि मुंबईला तेवढे दिवस आपली सोय आपण पाहावी लागते.

डब्यातली भाजीही बहुधा त्याच मुलखातून आलेली असते. कोथिंबीर, मेथी, पालक या पालेभाज्या उन्हात तासाभरात माना टाकतात, म्हणून नारायणगाव आणि मंचरच्या बाजारांतून निघालेल्या गाड्या रात्रीच्या गारव्यात प्रवास करतात, पहाटेच्या आत वाशीच्या बाजार समितीत पोचतात आणि दिवस उजाडेपर्यंत जुड्या शहरभर गेलेल्या असतात. मुंबईचा घाऊक बाजार पूर्वी शहराच्या पोटातच होता. १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला, आणि भायखळ्याच्या भाजीबाजाराला घाटावरचा शेतकरी चांगला ओळखत होता. या बाजारांत पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांना १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण मिळाले. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली संघटना होती.

गिरण्या चालू असताना घोड नदीच्या खोऱ्यातला मुंबईकर राहत असे तो समुद्राच्या वाऱ्यापासून दूर, चाळीतल्या खोलीत, जेथे पाळीप्रमाणे झोपणारी गावची माणसे एकाच खोलीचे भाडे वाटून घेत आणि खानावळवाल्या बाईकडे जेवत. अशाच गिरणी कामगारांपैकी एक होता बाबू गेनू सैद. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे त्याचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेली मालमोटार बाजारातून निघाली असता तो तिच्यासमोर आडवा झाला, मोटार थांबवली गेली नाही आणि बाविशीच्या आसपासचा हा तरुण तिच्याखाली चिरडला गेला. बंदर आणि बाजार यांच्यातल्या ज्या वाटेने किनाऱ्यावरची संपत्ती वाहत होती, त्या वाटेवर त्याने देह ठेवला. ज्या शहराला ही माणसे चालवत होती त्याच्या आर्थिक नीतीवर त्यांचे स्वतःचे मत होते आणि त्यासाठी ती प्राण देत होती, हे या घटनेइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे, आणि तालुक्याला ज्याने नाव दिले ते आंबेगाव त्याच जलाशयात बुडाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर बांधकामाची वाट मोकळी केली आणि लोअर परळ-वरळीत काचेचे मनोरे उठले. या मनोऱ्यांत समुद्र दिसतो, पण वारा आत येत नाही, कारण खिडक्या उघडायच्या नसतातच. रीगल चित्रपटगृहात १९३३ मध्ये नवलाईचे असलेले वातानुकूलन आता श्रीमंत घराची मूलभूत गरज झाले आहे. हे यंत्र खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती बाहेरच्या गल्लीत टाकते. आणि त्या गल्लीत सामान पोचवणारा, पहारा करणारा, गाडी धुणारा माणूस उभा असतो. छज्जे आणि समोरासमोरच्या खिडक्या यांचे शहाणपण इतक्या लवकर सोडून देण्याचे कारण सोय एवढेच होते, आणि तेही मोजक्या लोकांची सोय. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग मलबार टेकडीच्या पोटातून बोगद्याने जातो. मोटारवाल्याला त्याने मोठी सवलत दिली, लोकलने डबे नेणाऱ्याला काहीच नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने लोकल थांबली तेव्हा डबेवाले गावी परतले. कचेऱ्या उघडल्यावरही घरून काम करण्याची पद्धत राहिली, ग्राहक कमी झाले आणि परतलेल्यांपैकी पुष्कळांनी शेती किंवा जवळचे काम धरले. आंबेगाव-खेडच्या तरुणांना आता चाकणचे कारखाने मुंबईपेक्षा जवळ आहेत. कुकडी प्रकल्पाच्या डिंभेसह पाच धरणांच्या पाण्यामुळे तालुक्याच्या पूर्व भागात ऊस, टोमॅटो आणि भाजीपाला उभा राहिला, त्यामुळे तेथील शेतकरी कुटुंबाला मुलगा मुंबईला पाठवण्याची निकड पूर्वीइतकी राहिली नाही. पश्चिमेकडे, धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी समाजाच्या गावांत पाऊस उदंड पडतो, पण तो खडकावरून वाहून जातो. भाताचे एक पीक, हिरड्याची गोळा केलेली फळे आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून मिळणाऱ्या योजना यांवर वर्ष निघत नाही. म्हणून भात काढून झाला की तेथील स्त्री-पुरुष नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर येतात आणि मिळेल त्या बागायतदाराकडे टोमॅटो, मेथी आणि कोथिंबीर काढायला जातात. तोच माल रात्री गाडीत भरला जातो आणि वाशीमार्गे पेडर रोड व वरळीच्या स्वयंपाकघरांत पोचतो. त्याचा तोडणीचा दर अड्ड्यावर सकाळी ठरतो, आणि तो ठरवण्यात या मजुरांचा आवाज अजून फारच कमी आहे.